दूध आणि स्तनाचा कर्करोग : प्रयोगशाळेतील पुरावा व आपला विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत श्राविका मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाची ऋणी आहे. धर्मचर्चेचा अधिकार माझा नाही. गेली तीस वर्षे मी शल्यचिकित्सक म्हणून काम करीत आहे आणि त्यातील बराचसा काळ स्त्रियांच्या स्तनांतील गाठींवर उपचार करण्यात गेला आहे. रुग्णालयात जे पाहिले आणि शास्त्रीय नियतकालिकांत जे वाचले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवणार आहे.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगते. व्याख्यानाचे निमंत्रण आले त्याच आठवड्यात माझ्या हाती दोन कागद पडले. एक होते छापील पत्रक. दूध पिणाऱ्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो, असे त्यात ठामपणे लिहिले होते. दुसरे होते वर्तमानपत्राचे कात्रण. गाईचे तूप खाल्ल्याने स्तनाचा कर्करोग टळतो, असे त्यात तितक्याच ठामपणे म्हटले होते. दोन्ही कागद देणारे आपल्याच समाजातील आणि दोघांचाही हेतू शुद्ध. एकाला गाई-म्हशींच्या यातना पाहवत नाहीत, तर दुसऱ्याला आपल्या पूर्वजांच्या आहारावर अढळ श्रद्धा आहे. आश्चर्य असे, की दोन्ही कागदांनी साक्षीला एकाच प्राण्याला उभे केले होते. तो प्राणी म्हणजे प्रयोगशाळेतील उंदीर.

ते कागद पाहताना मला आमच्या नात्यातील एका काकूंची आठवण झाली. वय चोपन्न. उजव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली होती. कोणीतरी सांगितले, "दूध-दुभते बंद करा, गाठ आपोआप विरघळेल." काकूंनी आठ महिने दुधाचा थेंब घेतला नाही. चहादेखील सोडला. माझ्याकडे आल्या तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही गाठी उतरल्या होत्या. तपासून झाल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "ताई, मी तर दूध सोडलं होतं." शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, परंतु ते आठ महिने मला परत आणता आले नाहीत. चार वर्षांनी काकू गेल्या. तेव्हापासून मला असे वाटते, की उंदरांवरील प्रयोग खरोखर काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे आपल्या भगिनींना कोणीतरी सरळ भाषेत सांगितले पाहिजे.

दुधातून आलेला रोग

दूध आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध प्रयोगशाळेत प्रथम दिसला तो १९३६ साली. मात्र ते दूध गाईचे नव्हते, उंदरीण मातेचे होते. अमेरिकेतील मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर नावाचे संशोधक काम करीत होते. त्यांच्याकडे उंदरांच्या निरनिराळ्या जाती जोपासलेल्या होत्या. एका जातीतील बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई, तर दुसरीतील माद्यांना क्वचितच. हा दोष रक्तात आहे, असेच सर्वजण समजत. बिटनर यांनी कर्करोगी जातीची पिल्ले जन्मताच आईपासून वेगळी केली आणि निरोगी जातीच्या दाईजवळ पाजण्यास ठेवली. त्या पिल्लांमधील कर्करोगाचे प्रमाण पुष्कळच घटले. याचा अर्थ, रोगाचे कारण मातेच्या दुधातून जात होते. पुढे ते कारण म्हणजे एक विषाणू असल्याचे सिद्ध झाले.

या संशोधनाचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. मुंबईत परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांतील स्तनकर्करोगाचा दीर्घकाळ अभ्यास केला. मूळच्या पुण्याच्या, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी असलेल्या या विदुषीने आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध उलगडण्यासाठी परिश्रम घेतले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले.

मग साहजिकच प्रश्न निघाला, की मानवी मातेच्या दुधातही असा विषाणू असेल काय? १९७१ साली अमेरिकन आणि मुंबईच्या संशोधकांनी मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. मुंबईतील पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याने त्यांच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले आणि उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण त्यांत आढळल्याचे नोंदविण्यात आले. ज्यांच्या घराण्यात हा रोग आहे अशा मातांनी बाळाला अंगावर पाजावे की नाही, अशी शंका त्यामुळे निर्माण झाली.

आज आपण त्या शंकेकडे मागे वळून पाहतो तेव्हा काय दिसते? माणसातील स्तनकर्करोगाचे कारण म्हणून असा विषाणू सिद्ध झालेला नाही. उलट २००२ साली ३० देशांतील ४७ पाहण्यांची आकडेवारी एकत्र करण्यात आली, तेव्हा असे दिसले की माता जितके महिने बाळाला अंगावर पाजते तितका तिचा स्वतःचा धोका घटतो. स्तन्यपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे ही घट सुमारे ४.३ टक्के आहे. उंदराच्या बाबतीत बिटनर पूर्णपणे खरे होते. परंतु तेच सत्य जसेच्या तसे स्त्रीला लावले असते, तर तिचे संरक्षण करणारी गोष्टच आपण तिच्याकडून काढून घेतली असती. हा पहिला धडा मनात ठेवून आता गाईच्या दुधाकडे वळू.

एकच दूध, दोन निकाल

गाईच्या दुधाविषयी संशय घेण्यास कारण आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. गाय वा म्हैस गाभण राहिल्यानंतरही आटेपर्यंत तिची धार काढली जाते, हे आपणा शेतकरी कुटुंबांना सांगावयास नको. गर्भ वाढत जातो तसतसे दुधातील स्त्री-संप्रेरकांचे, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचे, प्रमाण वाढते. स्तनाच्या अनेक गाठी इस्ट्रोजेनच्या आधारे वाढतात. त्याखेरीज दुधात वासराच्या वाढीसाठी असणारे काही घटकही असतात. तेव्हा हे दूध आयुष्यभर पिणाऱ्या स्त्रीचे काय होते, हा प्रश्न रास्तच आहे.

जपानमधील यामानाशी वैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी हा प्रश्न उंदरांना विचारला. त्यांची पद्धत समजून घेऊ, कारण पुढील बहुतेक प्रयोग याच पद्धतीचे आहेत. मोठ्या पांढऱ्या उंदरांच्या एका विशिष्ट जातीच्या तरुण मादीला डीएमबीए नावाचे रसायन दिले, की पुढील काही महिन्यांत तिच्या स्तनांत गाठी येतात. ही पद्धत १९६१ साली चार्ल्स हगिन्स यांनी रूढ केली. संप्रेरकांच्या साहाय्याने कर्करोगावर उपचार करण्याच्या शोधाबद्दल पुढे १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जपानी संशोधकांनी माद्यांना हे रसायन दिले आणि नंतर त्यांचे गट केले. एका गटाला पाण्याऐवजी कमी स्निग्धांशाचे दूध, दुसऱ्याला कृत्रिम दूध, तिसऱ्याला इस्ट्रोजेनचा एक प्रकार मिसळलेले पाणी आणि चौथ्याला साधे पाणी वीस आठवडे दिले. २००४ साली त्यांनी निकाल प्रसिद्ध केला. दूध पिणाऱ्या माद्यांत गाठी अधिक आल्या; जवळजवळ इस्ट्रोजेनचे पाणी पिणाऱ्यांइतक्याच. दुधाविरुद्धच्या पत्रकांत अशाच प्रयोगांचा आधार घेतलेला असतो, आणि हा प्रयोग खरा आहे.

आता दुसरा प्रयोग पाहा. वॉशिंग्टन येथील जॉर्जटाऊन विद्यापीठातील संशोधकांनी तो २०११ साली प्रसिद्ध केला. उंदरांची जात तीच, रसायन तेच. फरक एवढाच, की दूध रसायनाच्या नंतर न देता आधी दिले. जन्मानंतर चौदाव्या दिवसापासून पस्तिसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे मादी वयात येण्यापूर्वीच्या काळात, तिला सायीसकट दूध पाजले. मग साधे पाणी, आणि पन्नासाव्या दिवशी रसायन. या पिल्लांच्या रक्तातील इस्ट्रोजेन दसपट वाढले आणि त्या अडीच दिवस लवकर वयात आल्या. आता यांना गाठी फार येणार, असेच कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात पाण्यावर वाढलेल्या माद्यांपेक्षा त्यांच्यात गाठी कमी आल्या आणि उशिराही आल्या. लहानपणी लाभलेल्या संप्रेरकांमुळे त्यांच्या स्तनग्रंथी लवकर परिपक्व झाल्या असाव्यात आणि रसायनाला बळी पडणारे कोवळे अंकुर त्यांत कमी उरले असावेत, असा त्याचा उलगडा केला जातो.

तिसरा प्रयोग २०१६ सालचा, स्लोव्हेनियातील. तेथे गाभण गाईंचे दूध उंदरांना देऊन त्यांच्या रक्तातील संप्रेरके आणि जननेंद्रिये तपासली. दुधात नैसर्गिकपणे असणाऱ्या इस्ट्रोजेनचा काहीही परिणाम दिसला नाही. परिणाम दिसला तो दुधात वरून इस्ट्रोजेन मिसळून त्याचे प्रमाण सुमारे हजारपट केल्यावर.

म्हणजे दूध उंदराच्या मादीला तारक की मारक? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कोणते दूध, किती, कोणत्या वयात, रसायनाच्या आधी की नंतर आणि कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. एका अपेक्षेने आहे, दुसऱ्या अपेक्षेने नाही, असे म्हणण्याची शिकवण ज्या परंपरेने आपणांस दिली, तिच्या अनुयायांना हे समजणे अवघड जाऊ नये.

चोथा, निवळी आणि तूप

दूध नासवले, की चोथा आणि निवळी वेगळी होते. चोथ्यातील मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. पत्रकांतून सर्वाधिक दोष दिला जातो तो या केसीनला. २००० साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटातील माद्यांना प्रथिन म्हणून केसीन दिले, दुसऱ्या गटाला निवळीतील प्रथिन आणि तिसऱ्याला सोयाबीनचे. केसीन खाणाऱ्या सर्व माद्यांना गाठी आल्या, तेव्हा निवळीचे प्रथिन खाणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते, सोयाबीनवाल्यांपेक्षाही कमी. एकाच भांड्यातील दुधाचे हे दोन भाग!

केसीनविरोधी मताचा उगम, आपल्याला नवल वाटेल, हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत आहे. भुईमुगाच्या शेंगांवर वाढणाऱ्या बुरशीचे विष, ज्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, ते उंदरांना देऊन माधवन आणि डॉ. सी. गोपालन यांनी १९६८ साली दाखविले, की आहारात २० टक्के केसीन असणाऱ्या उंदरांना यकृताच्या गाठी होतात आणि ५ टक्के असणाऱ्यांना होत नाहीत. अमेरिकेतील डॉ. कॉलिन कॅम्पबेल यांनी हेच सूत्र पुढे नेले आणि २००५ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकातून जगभर पोहोचविले. परंतु त्याच हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी १९६५ साली हेही दाखविले होते, की प्रथिन कमी पडलेल्या लहान उंदरांच्या यकृताला त्या विषाने अधिक तीव्र इजा होते. शिवाय कॅम्पबेल यांच्याच प्रयोगशाळेत १९८९ साली असे आढळले, की गव्हाच्या प्रथिनात जे अमिनो आम्ल कमी असते ते वरून घातले, तर गहूदेखील केसीनसारखाच वागतो. म्हणजे तेथे प्रश्न दुधाचा नव्हता, परिपूर्ण प्रथिनाचा होता. आपले वरण-भात एकत्र खाणे हेही प्रथिन परिपूर्ण करणेच आहे. ते कोणी घातक म्हणत नाही.

आता तुपाचे कात्रण. हरयाणात कर्नाल येथे राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आहे. तेथील प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. तेच रसायन दिलेल्या माद्यांपैकी सोयाबीन तेल खाणाऱ्या ६५.४ टक्के माद्यांना गाठी आल्या, तर गाईचे तूप खाणाऱ्या २६.६ टक्के माद्यांना. तूपवाल्यांच्या गाठी लहान होत्या आणि उशिरा आल्या. त्यापूर्वी १९९९ साली अमेरिकेतही, गाईच्या चाऱ्यात बदल करून एक विशिष्ट स्निग्धाम्ल वाढविलेल्या लोण्याने उंदरांतील गाठी कमी होतात, असे दिसले होते. हे स्निग्धाम्ल रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधात निसर्गतः थोडे असतेच.

हे प्रयोगही खरे आहेत. परंतु कात्रणात एक गोष्ट लिहिलेली नव्हती. ही तुलना तूप आणि सोयाबीन तेल यांची आहे. तूप खाणे आणि न खाणे यांची नव्हे. सोयाबीन तेलात मुबलक असणारे लिनोलेइक आम्ल उंदरांमध्ये या गाठी वाढविते, हे १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे. तेव्हा तुपाने गाठी रोखल्या की तेलाने वाढविल्या, याचा निवाडा एवढ्यावरून होत नाही. स्त्रियांमध्ये मात्र सोयाबीन तेलाचा असा संबंध सिद्ध झालेला नाही. म्हणून कोणी घरातील तेलाचा डबा ओतून देऊ नये, आणि तुपाची धार वाढवूही नये.

उंदीर आणि स्त्री

उंदराची मादी ही लहान आकाराची स्त्री नव्हे. तिला गाठ येते ती आपण हेतुपुरस्सर दिलेल्या रसायनाने, काही आठवड्यांत. स्त्रीमध्ये हा रोग बहुधा दशकानुदशके घडत असतो. प्रयोगातील मादी पाण्याऐवजी दूधच पिते. आपण दोन कप चहा आणि वाटीभर दही घेतो. गाय-वासराचे दूध उंदराच्या आहारात निसर्गतः नाहीच. प्रयोगशाळा एवढेच सांगते, की असे घडू शकते आणि ते या मार्गाने घडू शकते. ते स्त्रियांमध्ये घडते काय, हे स्त्रियांनाच विचारावे लागते.

तसे विचारले गेले आहे. उत्तर अमेरिकेत ॲडव्हेंटिस्ट नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. त्यातील पुष्कळ लोक शाकाहारी असून बहुतेक जण मद्य व तंबाखू यांपासून दूर राहतात. या पंथाच्या सुमारे ५३ हजार स्त्रियांचा जवळपास आठ वर्षे मागोवा घेण्यात आला आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रिया सर्वाधिक दूध पीत, त्यांना सर्वांत कमी पिणाऱ्यांपेक्षा स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ५० टक्के अधिक दिसला. चीज आणि दही यांच्याबाबत मात्र असा स्पष्ट संबंध दिसला नाही. चीनमधील एका प्रचंड पाहणीतही, जी २०२२ साली प्रसिद्ध झाली, रोजच्या प्रत्येक ५० ग्रॅम दुग्धपदार्थांमागे हा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

दुसऱ्या बाजूला, २००२ साली आठ पाहण्यांतील साडेतीन लाख स्त्रियांची माहिती एकत्र केली असता दुधाचा कोणताच संबंध दिसला नव्हता. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१७ सालच्या अहवालात तर असे म्हटले आहे, की दुग्धपदार्थांमुळे रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्तनकर्करोगाचा धोका थोडा घटत असावा, असे सुचविणारा मर्यादित पुरावा आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत दूध बहुधा संरक्षकच ठरते.

सारांश, प्रश्न अद्याप खुला आहे. दूध विष ठरलेले नाही आणि तूप औषध ठरलेले नाही. एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. जे निश्चित ठरले आहे, त्याची यादी मात्र तयार आहे. मद्यपानाने धोका वाढतो. रजोनिवृत्तीनंतर अंगावर चढलेल्या मेदाने वाढतो. शरीरश्रमाने घटतो. बाळाला अंगावर पाजल्याने घटतो. यांतील मद्याचा दोष आपल्या घरांत सहसा नाही, ही आपल्या संस्कारांची कृपा. परंतु पारण्याच्या पंगती, तळलेले पदार्थ आणि बैठे जीवन यांनी वाढलेल्या वजनाबद्दल आपण तितकेसे जागरूक आहोत काय? सूर्यास्तापूर्वी जेवणारे आपण सूर्योदयानंतर अर्धा तास चालतो काय? एकीकडे दुधाच्या पेल्याविषयी भांडावे आणि दुसरीकडे या प्रश्नाकडे पाहूच नये, हे काही योग्य नव्हे.

अहिंसेचा प्रश्न वेगळा आहे

येथे मला एक नाजूक गोष्ट बोलावयाची आहे. आपल्यातील काही तरुण मंडळी दूध सोडू लागली आहेत. वासराला तोडून काढलेली धार, रेडकांची होणारी आबाळ, आटलेल्या जनावराचा शेवट, आणि पान्हा सोडविण्यासाठी टोचली जाणारी इंजेक्शने पाहून त्यांचे मन द्रवले आहे. जनावराला अपाय करणारे असे इंजेक्शन दूध वाढविण्यासाठी देणे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाने गुन्हा ठरविले आहे. या तरुणांची करुणा मला वंदनीय वाटते. त्याचबरोबर, ज्यांच्या घरी चार म्हशी जीव लावून सांभाळल्या जातात आणि ज्यांच्या मुलांच्या शाळेचे शुल्क दुधाच्या पगारातून भरले जाते, असेही अनेकजण आज येथे बसले आहेत. त्यांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. हा विचार आपण करू, अवश्य करू. पण तो गाई-म्हशींकडे पाहून करू.

करुणेला कर्करोगाच्या भीतीचा टेकू लावू नये. कारण उद्या दूध निर्दोष ठरले, तर तो टेकू निसटेल आणि त्याबरोबर करुणाही कोसळेल. पान्हा चोरणाऱ्या जनावराच्या वेदनेला उंदराच्या गाठीचे प्रमाणपत्र लागत नाही. ज्याला दूध सोडावयाचे आहे त्याने त्याग म्हणून सोडावे, आनंदाने सोडावे. मात्र डॉक्टर म्हणून एवढे सांगते, की शाकाहारी माणसाला ब-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दुधातूनच मिळते. दूध सोडणाऱ्याने त्याची गोळी न चुकता घ्यावी. ते जंतूंच्या आंबवणातून तयार केले जाते. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आणि राजगिरा आहारात ठेवावा.

आणखी एक विचार मला अस्वस्थ करतो. मी ज्या प्रयोगांचे आकडे आज तुमच्यापुढे मांडले, त्या प्रत्येक टक्क्यामागे जीव आहेत. त्यांना रसायन पाजले गेले, त्यांच्या अंगावर गाठी वाढू दिल्या गेल्या आणि शेवटी त्या मोजण्यासाठी त्यांना मारले गेले. आपण मुंगीलाही वाट करून देणारी माणसे. आणि आपल्या मताच्या पुष्टीसाठी मात्र आपण हे कागद सहज फडकवितो. हे प्रयोग व्हावेत की नाहीत, यावर विद्वानांनी वाद करावा. परंतु जे झाले, त्यांच्या बाबतीत आपल्यावर किमान एक ऋण आहे. इतक्या जीवांच्या वेदनेतून जे कळले, ते पूर्ण सांगावे. आपल्याला हवा तेवढाच अर्धा भाग उचलून छापणे, यात हिंसेचा लाभ आणि असत्याचा दोष, दोन्ही एकदम पदरात पडतात.

आपल्या हातात असलेले

२०२२ साली आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्याचा अंदाज आहे. इतक्या मृत्यूंचे एक मोठे कारण म्हणजे आपल्याकडे स्त्रिया उशिरा येतात. काकूंसारख्या.

यावर उपाय मुंबईनेच दाखविला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांची पाहणी सुरू केली. अर्ध्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांची स्तनतपासणी करीत. ना मोठे यंत्र, ना क्ष-किरण. केवळ शिकलेला हात. वीस वर्षांच्या पाहणीनंतर २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मात्र मृत्यू घटल्याचे सिद्ध झाले नाही, हेही पूर्ण सांगण्याच्या वचनानुसार सांगते.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून कमानी आणि फलक होतीलच. त्यासोबत वर्षातून एकदा श्राविकांसाठी स्तनतपासणीचे शिबिर भरवावे. एक प्रशिक्षित परिचारिका, एक पडदा आणि एक नोंदवही एवढे पुरे. शंका आलेल्या भगिनीला रुग्णालयापर्यंत घेऊन जाण्याची जबाबदारी मंडळातील दोघींनी घ्यावी, कारण स्त्री पुष्कळदा अडते ती पैशापेक्षा सोबतीअभावी आणि संकोचापायी.

भगिनींनो, आपणांसही हात जोडून सांगते. स्तनात गाठ लागली, कातडी खळगा पडल्यासारखी ओढली गेली, बोंडातून रक्त आले किंवा काखेत गाठ जाणवली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु ते ठरविण्याचे काम डॉक्टरांचे आहे, पत्रकाचे नव्हे आणि कात्रणाचेही नव्हे. दूध प्यावे की सोडावे, याचा विचार आपण सवडीने, आपापल्या श्रद्धेने आणि विवेकाने करू. गाठीला मात्र सवड नसते.